पंखा अर्धा फेरा फिरून थांबायचा

घरातला कॉम्प्युटर मी आणलेला असला, तरी तो खरा बहिणीचा होता. मी अवसरीच्या कॉलेजात, होस्टेलला. कॉम्प्युटर डिंभ्याला घरी, तांदळाच्या पोत्यांशेजारी. बारावीनंतर तिने टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायचं ठरवलं होतं. क्लास घोडेगावला आणि एसटीचा भरवसा नाही, म्हणून सराव बहुतेक घरीच. परीक्षेला पंधरा दिवस उरले आणि मदरबोर्ड गेला.

सुट्टीला येताना मी मंचरच्या एका दुकानातून वापरलेला बोर्ड आणला.

"बसवता येईल ना रे दादा?"

"होईल," मी म्हणालो.

मी कॉम्प्युटर शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो, पण तोवर एकाही कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं नव्हतं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला काय येत नाही हे विचारणारं कुणी नव्हतं, आणि आपण होऊन सांगायचा धीर माझ्यात नव्हता.

बोर्ड बसवला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा तेच. वडील दारातून बघत होते.

"व्होल्टेज कमी आसंल. दाबून धर जरा, धरंल."

नदीवरची आमची मोटर अशीच धरते. स्टार्टर ट्रिप होऊन मोटर बंद पडली की हिरवं बटण अंगठ्याने दाबून ठेवायचं, मोटर कण्हत कण्हत उचलते. लहानपणापासून हेच करत आलोय. मी इथेही बटण दाबून धरलं. मागचा स्विच बंद करून, चालू करून, पुन्हा. वीस-पंचवीस वेळा तरी.

"कॉलेजात एवढंच शिकवत्यात व्हय, बटण दाबायला?" बहीण म्हणाली. पण तिला हसू आलं नव्हतं.

"बोर्डच खराब दिलाय त्याने," मी म्हणालो. मला ते माहीत नव्हतं, तरी म्हणालो. वडिलांनी न पाहिलेल्या त्या दुकानदाराला दोन शिव्या हासडल्या. मी बोर्ड काढून पुन्हा खोक्यात भरला.

दुसऱ्या दिवशी एसटी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मंचरला पोचलो. दुकानदाराने बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला, स्वतःचा पॉवर सप्लाय जोडला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक बटणाच्या दोन पिनांना टेकवलं. पंखा सुरू झाला तो थांबेच ना.

"बोर्ड ठणठणीत हाय, भाऊ. तुमच्या कॅबिनेटमधी मागून कायतरी टेकतंय. किती वेळा चालू करून बघितला?"

"पाच-सहा वेळा."

"एकदा ट्रिप झाला की थांबायचं, राव! सप्लाय बंद व्हतोय तो बोर्ड वाचवायला, आन् तुमी त्याच्याच मागं लागलाय. नशीब, जळला न्हाई."

परतताना एसटीत मी एक वाक्य तयार केलं: 'त्याने बदलून दिला.' कुणाला कळणार होतं? वडिलांना नाही, बहिणीलाही नाही.

घरी आलो तर ती कीबोर्ड मांडीवर घेऊन बसली होती. वायर खाली लोंबत होती. पुस्तकातला उतारा बघून ती टाइप करत होती. बरोबर की चूक, हे कळायला मार्ग नव्हता; समोरचा स्क्रीन बंदच होता. मला ते वाक्य बोलता आलं नाही.

"बोर्ड चांगला आहे. चूक माझी आहे. कुठे झालीय ते मला अजून माहीत नाही."

तिची बोटं थांबली. "मग परवाच का न्हाई बोललास? दोघांनी बघितलं असतं."

मी बोर्ड खोक्यातून बाहेर काढला. तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि रिकाम्या कॅबिनेटमध्ये डोकं घातलं.

"बोर्डाचे स्क्रू बसायच्या ह्या पितळी खुंट्या सात हायेत. बोर्डाला भोकं किती?"

मी मोजली. सहा. जुना बोर्ड मोठा होता. त्याची एक खुंटी तशीच राहिली होती आणि नव्या बोर्डाच्या पाठीला टेकत होती. मी ती पकडीने फिरवून काढली. वडील आले तेव्हा त्यांना सांगितलं, दुकानदाराची चूक नव्हती. "मग शिव्या फुकट गेल्या की," एवढंच ते म्हणाले.

बोर्ड बसवून एकदाच बटण दाबलं. पंखा फिरत राहिला, स्क्रीनवर अक्षरं आली. मला अजून थोडा वेळ बघत बसायचं होतं.

"ऊठ," ती म्हणाली. "तीन दिवस गेलेत माझे."

मी उठलो. पहिल्याच ओळीत तिच्या चार चुका झाल्या. तिने ओळ पुसली आणि पुन्हा सुरुवात केली.