भंडारदऱ्यापर्यंत ताशी तीस मैल

माझी मेहुणी मार्था हिचं लग्न भंडारदऱ्याला ठरलं, तेव्हा मोटरसायकलचं इंजिन जोडून मला जेमतेम आठवडा झाला होता. गाडी लष्कराने मोडीत काढलेली. दुसरं महायुद्ध संपल्यावर अशा गाड्या नगरमध्ये लिलावात निघत. मी वर्कशॉपातला मिस्त्री, सांगाडा पारखून घेतला. नवा सिलिंडर आणि पिस्टन मात्र बोटीने यायला चार महिने लागले. तो पिस्टन वाया गेला असता तर दुसरा कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

सासऱ्यांचं पत्र आलं, एसटीने या. ते धरणावर पाण्याची पातळी वाचून नोंदवायच्या कामावर होते. माझी बायको रूथ चर्चमध्ये पेटी वाजवते. बहिणीच्या लग्नात तिनेच वाजवायची हे मार्थाने लहानपणीच वदवून घेतलं होतं. मी उलट टपाली कळवलं, "शनिवारी चारच्या आत आम्ही मोटरसायकलवर हजर असू. माझा शब्द."

ज्यांच्याकडे नवं इंजिन आहे त्यांच्यासाठी सांगतो. पहिले पाचशे मैल ताशी तीसच्या वर जायचं नाही. एकाच वेगात कंटाळवाणं चालवायचं नाही. वेगाची मूठ थोडी उघडायची, थोडी मिटायची. चढावर इंजिनला रडवायचं नाही, वेळेवर गिअर खाली घ्यायचा. पेट्रोलमध्ये चमचाभर तेल टाकायचं आणि अडीचशे मैलांवर इंजिनाच्या तळातलं तेल बदलायचं. नवे भाग एकमेकांना घासून जागा करून घेतात, त्यांना तेवढा अवकाश द्यायचा.

मंगळवारी सुट्टी होती. भंडारदऱ्याआधी चाचणी म्हणून दोघं करंजी घाटाने तिसगावला गेलो. घाट अर्धा उतरल्यावर गाडी सावलीत उभी केली. तिसगावात बाजार होता. हॉटेलात गरम भजी आणि गुळाचा चहा घेतला. फडक्यात मिरच्या बांधून बसलेले एक म्हातारबुवा मघापासून आमच्याकडे बघत होते.

"मास्तर, गाडी आजारी हाय का?"

"नाही बाबा. का?"

"मंग इतकी हळू का चालिवता? मागल्या वढ्यापाशी तर माझी बैलं तुमच्या संगं पळत हुती."

रूथला हसू आवरेना. मी त्यांना पिस्टन समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "व्हय. नवं खोंड गाडीला जुपतानाबी असंच अस्तंय." पाथर्डीपर्यंत जाऊन संध्याकाळी नगरला परतलो. इंजिन गोड चालत होतं. माझी छाती चांगलीच फुगली होती.

शुक्रवारी पहाटे निघालो. पेटी आदल्या दिवशीच एसटीच्या टपावरून पुढे गेली होती. राहुरी, कोल्हार, मग संगमनेर. दर पंचवीस मैलांवर दहा मिनिटं विसावा. राहुरीच्या पुढे ऊस उभा होता, पाटाचं पाणी खळखळत होतं, आणि त्या गारव्यात तीसचा वेग पाळणं मला जड गेलं हे कबूल करतो. एका दिवसात नवं इंजिन फार ताणायचं नव्हतं, म्हणून रात्री संगमनेरला वर्कशॉपातल्या सोबत्याच्या घरी राहिलो. पेट्रोल कुपनांवर मिळे, ते तिथेच भरून घेतलं. पुढे मिळेल असं धरून चालू नका.

शनिवारी अकोले ओलांडून साडेदहाला विठा घाटाला लागलो. पहिल्या चढाला इंजिन धडधडलं म्हणून मी हँडलवरची, ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी दांडी थोडी मागे ओढली. दोन वळणं गेली. मागून रूथ म्हणाली, "अहो, आवाज बदललाय."

"चढ आहे. बदलणारच."

"चढावर तो जाड होतो. हा बारीक झालाय. सूर वर चढलाय."

मी मिस्त्री, ती पेटी वाजवणारी. अजून एक वळण मी तसाच गेलो. मग गाडी मागून कोणी धरल्यासारखी ओढली गेली. मी झटक्यात क्लच दाबला. इंजिन बंद पडलं आणि ताजं डांबर तापावं तसा वास आला.

खाली बसलो. पिस्टन सिलिंडरला धरून बसला असेल तर गाडी गेली आणि शब्दही गेला. शेजारच्या वावरातून एक शेतकरी बादली घेऊन धावत आला. "सरका, वततो पानी. लगीच गार व्हईल."

"नको!" मी ओरडलोच. तापलेल्या सिलिंडरवर गार पाणी पडलं की तो तडकतो. बिचारा गोंधळला. रूथने बादली घेतली, पाणी प्यायली आणि त्याला म्हणाली, "दादा, रागावू नका. ते गाडीवर नाही, स्वतःवर चिडलेत."

तेवढ्यात राजूरवरून धरणावर सामान नेणारी लॉरी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, बाईंना नेतो, जागा एकच आहे.

"जा," मी म्हणालो. "पेटी तुझ्यावाचून अडेल."

रूथने लॉरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आणि वरच्या वळणांवर आवाज कोण ऐकणार?" तिने लॉरीला हात करून जायला सांगितलं.

दीड तास बसलो. तेवढ्यात मला ती दांडी दिसली. मी ती पुन्हा पुढे केलीच नव्हती. ठिणगी उशिरा पडत राहिली, इंजिन भाजत राहिलं. चूक सरळ माझी होती, आणि रूथला मी तशी सांगितली. गाडी गिअरमध्ये टाकून हलकेच पुढेमागे ढकलली. चाकासोबत इंजिन फिरलं. पिस्टन मोकळा होता! तिसऱ्या किकला सुरू झालं. उभ्या चढांखाली मी थांबायचो, रूथ उतरून आधी चालत जायची, वर पोहोचून कान देऊन उभी राहायची आणि मी जवळ आलो की मान हलवून खूण करायची. राजूरला पुन्हा तासभर विसावा घेतला. घाई मनात होती, मुठीत येऊ दिली नाही.

पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. अंगणातल्या मांडवातून गाण्याचा आवाज येत होता, पेटीशिवाय. रूथ धुळीच्या लुगड्यानिशीच आत गेली, लोक ज्या पट्टीत गात होते ती तिने दोन स्वरांत शोधली आणि साथ धरली. मार्थाने वळून पाहिलं आणि पाळकांसमोरच रडायला लागली.

जेवणानंतर मी सासऱ्यांपुढे उभा राहिलो. "मामा, शब्द मोडला माझा."

"अर्धा तास मोडला," ते म्हणाले. "लॉरीवाला सांगून गेला मला सगळं. पोरीला एकटीला पाठवत होतास, ती आली नाही." मग गाडीकडे बघत म्हणाले, "मला धरणापर्यंत नेशील? बसायचं कसं तेवढं सांग."

धरणाच्या भिंतीजवळ गार वारा लागला तसं त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. परत येईपर्यंत हात काढला नाही.

नगरला आल्यावर सिलिंडर उघडला. पिस्टनवर बोटभर चकचकीत ओरखडा होता. बारीक दगडाने घासून पुन्हा बसवला, उरलेले मैल सावकाश पूर्ण केले. गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली. माझं काम मला येतं याची खात्री आजही आहे. फक्त मागून कोणी काही म्हणालं की ते ऐकून घेतल्याशिवाय आता मी पुढचं वळण घेत नाही.

पाचशेवा मैल भरला त्या रविवारी रूथ पदर खोचून गाडीशी आली. "आता मला शिकवा."

वर्कशॉपामागच्या मैदानात तिने तीनदा इंजिन बंद पाडलं. चौथ्यांदा गाडी सुटली. मी मागून धावलो, मग दमून थांबलो. मैदानाच्या टोकाला तिने वळण घेतलं आणि माझ्याकडे यायला लागली.