तपासणी संपली की जेवेन

निःस्पृहता हा माणसाच्या चारित्र्याचा सर्वोच्च अलंकार आहे. प्रमिलाअक्का हा अलंकार दोन पुडांच्या स्टीलच्या डब्यातून नेत, आणि त्यात बहुतेक वेळा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि आदल्या दिवशीची उरलेली भाजी असे. जळगावपासून धुळ्यापर्यंत ज्या ज्या कारखान्यात आम्ही तपासणीला गेलो, तिथे जेवणाच्या वेळी हा डबा उघडला गेला आणि यजमानाचं तोंड उतरलं.

खानदेशात जेवायला नाही म्हणणं ही साधी गोष्ट नाही. इथे भांडायला आलेल्या माणसालाही आधी ताट वाढतात. मी अक्कांबरोबर पहिल्यांदा गेलो तो धुळ्याला, चार्जरची प्लास्टिकची कवचं ओतणाऱ्या एका गृहस्थांकडे. त्यांनी घरून शेवेची भाजी करवून आणली होती. तर्री ताटाच्या कडेला येऊन थांबली होती. अक्कांनी भिंतीकडची खुर्ची ओढली आणि आपला डबा उघडला.

"अक्का, आमनाकडे बठ्ठं बराबर शे," गृहस्थ कळवळून म्हणाले. "तुम्ही फक्त दोन घास खा."

"बराबर असेल तर मध्ये भाजी कशाला आणता?" अक्का म्हणाल्या. "तपासणी संपली की जेवेन."

हे वाक्य त्या सगळीकडे म्हणत, आणि सगळे ते सभ्य नकार म्हणून ऐकत. त्या गृहस्थांनी मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "मंग तपासणी कव्हय संपस?" मी खरं ते सांगितलं. जोवर तुम्ही आम्हाला माल देता तोवर ती संपत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भाजीकडे. ती भाजी मी खाल्ली. माझ्यावर कसलीच जबाबदारी नव्हती.

परतताना जीपमध्ये अक्कांनी कारण सांगितलं. "जेवल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. मी काही वेगळी नाही."

आम्ही दोघं जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत होतो. कंपनी लॅपटॉपना लागणारे चार्जर बनवी आणि ते परदेशी जात. अक्का पुरवठादारांचा माल आणि कारखाने तपासत. मी दस्तऐवज विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. मराठी वाङ्मयाची पदवी घेतलेल्या माणसाला याहून मोठा विभाग मिळत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

चार्जरच्या खोक्यावर एक हिरवा शिक्का असे. ही वस्तू बनवताना निसर्गाला कमीत कमी इजा झाली, असा त्याचा अर्थ. पूर्वी हा शिक्का सोपा होता. पुरवठादार 'आम्ही सर्व नियम पाळतो' असं लिहून सही करी, आणि निसर्ग समाधान मानी. मग नियम कडक झाले. प्लास्टिक कुठून आलं, वायरच्या वेष्टनात काय आहे, वायरला कथलाचा डाग देताना निघणारा धूर कामगाराच्या नाकात जातो की बाहेर, उरलेलं भंगार कुठे जातं, हे सगळं प्रत्येक पुरवठादाराने दाखवायचं होतं. लिहून भागणार नव्हतं.

त्यासाठी मोठ्या साहेबांनी सभा घेतली. पृथ्वी ही आपली आई आहे, असं ते म्हणाले. सभागृह इतकं थंड केलेलं होतं की पुरवठादार गमछे पांघरून बसले होते. प्रत्येकासमोर पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. आईविषयीचं भाषण संपल्यावर अक्का उठल्या आणि म्हणाल्या, "हे सगळं करायला खर्च येईल. मालाचा भाव वाढवून मिळणार का, तेवढं सांगा." साहेब हसले. नियम पाळणं हे कर्तव्य आहे आणि कर्तव्याला भाव नसतो, असं त्यांनी सांगितलं. पुरवठादारांनी बाटल्या पिशव्यांत टाकल्या आणि ते घरी गेले.

अक्कांची खरी अडचण धुळ्याला नव्हती. ती असोद्याला होती.

असोदा अक्कांचं आजोळ. आईवडील लवकर गेले, तेव्हा मामांनी त्यांना वाढवलं, त्यांचं लग्नही त्याच अंगणात लावलं. मामा गेल्यावर त्यांचा मुलगा गोपाळभाऊ हेच अक्कांचं माहेर. दर भाऊबीजेला त्या त्याला ओवाळत. या गोपाळभाऊंची गावाबाहेर केळीच्या बागेला लागून एक शेड होती. गावातल्या बायका तिथे वायर कापत, टोकांना डाग देत, प्लग बसवत. आमच्या चार्जरची सगळी वायर तिथून येई. कामही चोख होतं. अक्का आतेबहीण म्हणून ते मिळालं, असं कोणी म्हणू नये म्हणून त्या गोपाळभाऊंचा माल इतरांपेक्षा जास्त परत पाठवत.

नव्या नियमांचं सांगायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शेडच्या मागे नाल्याच्या काठावर जमीन काळी पडलेली दिसली. जवळ गेल्यावर घशात खवखवलं. कापलेल्या वायरचे तुकडे तिथे पेटवत. प्लास्टिक जळून जाई, तांबं उरे.

असोद्याची हद्द लागली की अक्कांची भाषा बदलत असे. "गोपाळ, हे बंद कर," त्या म्हणाल्या. "हे राह्यलं तं मी तुले पास करू शकत नाही."

"अक्का, तांबं तं जाळूनच निघते. आबा बी तसंच काढे." आबा म्हणजे मामा.

"आबा काय चार्जर परदेशी धाडत होता?"

गोपाळभाऊ हसले. त्यांना वाटलं, अक्का थट्टा करते आहे. तरी त्यांनी शब्द दिला. वायरचं वेष्टन सोलायचं मशीन घेतो म्हणाले. अक्कांनी त्यांना हिवाळ्यापर्यंत मुदत दिली. इतरांनाही तेवढीच दिली होती.

त्या मुदतीत अक्का दोनदा खरेदी विभागात गेल्या. वायर सोलायला हात लागतात, त्याचे पैसे भावात धरा, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या साहेबांनी त्यांना चहा देऊ केला. त्यांनी घेतला नाही. भाव वाढला नाही.

थंडी पडली, भरिताची वांगी आली आणि आम्ही असोद्याला शेवटच्या तपासणीला गेलो. शेड ओळखू येत नव्हती. भिंतींना नवा रंग होता आणि बायकांच्या अंगावर निळे कोट होते. दारावर इंग्रजीत पाटी होती, तिचा अर्थ 'आम्ही पर्यावरणावर प्रेम करतो' असा होता. धूर ओढणारा पंखा बसवला होता आणि तो चालतही होता. मला मनापासून बरं वाटलं. कोपऱ्यात सोलायचं मशीन होतं. दसऱ्याला त्याची पूजा झालेली दिसत होती, कारण झेंडूची वाळलेली माळ अजून त्याच्या मुठीवर होती. अक्कांनी माळ बाजूला केली आणि पात्यावर बोट फिरवलं. पात्याला कारखान्यातून आलेला तेलकट कागद तसाच चिकटलेला होता.

मशीन वापरता का, असं त्यांनी वत्सलाबाईंना विचारलं. वत्सलाबाई शेडमधल्या सर्वांत जुन्या, अक्कांच्या लहानपणच्या मैत्रीण. त्यांना बहुधा वेगळं उत्तर शिकवलेलं होतं. त्यांनी ते आठवून पाहिलं आणि सोडून दिलं.

"आम्हाले नगावर पैसे भेटतात, बाई. त्या मशीनवर बसलं तं नग कव्हा करू? सोलायचे पैसे देते कोन? तुही कंपनी देते?"

अक्का मागच्या दाराने नाल्याकडे गेल्या. काठावर केळीची वाळलेली पानं पसरली होती. त्यांनी चपलेने एक पान सरकवलं. खालची राख ताजी होती.

मी मागे होतो. त्यांच्या मनात काय चाललं असेल, ते मला तेव्हाही कळत होतं. पास केलं तर सगळ्या कारखान्यांत उघडलेला तो डबा खोटा ठरणार. नापास केलं तर शेडमधल्या बायकांचं काम जाणार, आणि त्यांचं स्वतःचं माहेर.

शेतात भरिताची तयारी होती. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या कुटल्या जात होत्या. गोपाळभाऊंनी बांधावर सतरंजी अंथरली. मी नेहमीप्रमाणे पटकन बसलो. अक्कांचा डबा जीपमध्ये होता. ड्रायव्हर तो आणायला निघाला तेव्हा अक्का म्हणाल्या, "राहू दे."

मग त्या पंगतीत बसल्या. वत्सलाबाईंनी केळीच्या पानावर भरीत वाढलं. अक्कांनी पहिला घास घेतला तसा सगळा बांध बदलला. बायका एकमेकींना खुणावू लागल्या. कोणीतरी वर तेल घालायला धावलं. गोपाळभाऊंनी डोळे पुसले आणि धूर गेल्याचं कारण सांगितलं. जाळ कधीच विझला होता.

"अक्का जेवली," ते मला म्हणाले. "झालं काम."

मलाही तसंच वाटलं. शेवटी रक्ताचं नातं, असं मी मनात म्हणालो, आणि माझ्या मनात अक्का थोड्या खाली आल्या आणि थोड्या जवळही. त्यांनी भरीत पुन्हा मागून घेतलं. हळूहळू खाल्लं. पानावर काही ठेवलं नाही.

हात धुताना गोपाळभाऊ तांब्यातून पाणी घालत होते. अक्का म्हणाल्या, "गोपाळ, आता मी तुह्याकडे तपासाले येणार नाही."

"बरं झालं ना अक्का. आता फकस्त भाऊबीजेले येत जाय."

"तसं नाही. उद्यापासून तुही वायर बंद."

तांब्या तसाच कलता राहिला आणि पाणी अक्कांच्या पायांवर पडत राहिलं. मागे वत्सलाबाई पानं गोळा करत होत्या. त्या थांबल्या.

"मंग जेवली काहून?" गोपाळभाऊंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"आधी ठरवलं, मंग जेवली," अक्का म्हणाल्या. "यापुढे कोन वाढीन मले इथी?"

आम्ही जीपमध्ये बसलो. डबा सीटवर भरलेला होता. जळगाव येईपर्यंत अक्का तो मांडीवर धरून बसल्या.

पुढच्या भाऊबीजेला त्या ताट घेऊन असोद्याला गेल्या. गोपाळभाऊ बाहेरगावी होते. त्यांची मोटरसायकल अंगणात होती. बायकांपैकी काही कापूस वेचायला जाऊ लागल्या, काही डाळीच्या गिरणीत. काही महिन्यांनी गोपाळभाऊंना पंखे बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम मिळालं. त्या पंख्यांच्या खोक्यावर कसलाच शिक्का नव्हता, त्यामुळे मशीनवरची माळ काढायची गरज पडली नाही. आमची वायर दूरच्या एका मोठ्या कंपनीकडून येऊ लागली. तिचे कागद इतके सुंदर होते की मी ते दोनदा वाचले. अक्का एकदा विचारून गेल्या, "यांचा नाला कुणी पाहिला?" कोणी पाहिला नव्हता.

अक्का त्यानंतर गप्प झाल्या नाहीत. त्यांनी आमच्याच गोदामातलं वायरचं भंगार कुठे जातं, ते विचारायला सुरुवात केली. ते एका ठेकेदाराकडे जाई. ठेकेदाराच्या टेम्पोचा एका संध्याकाळी अक्कांनी रिक्षाने पाठलाग केला. तो असोद्याच्या त्याच नाल्यावर, शेडच्या थोडा पलीकडे रिकामा झाला आणि ढिगाला काडी लागली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या कपाटापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"राख एकट्या गोपाळची नव्हती," त्या म्हणाल्या.

मोठ्या साहेबांनी त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, फाटकाबाहेर गेलं की ते आपलं राहत नाही," असं ते म्हणाले. अक्कांनी लेखी दिलं, तोंडी दिलं, सभेत उठून सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांचं कौतुक झालं. एका वर्षी तर पर्यावरणदिनी त्यांना तुळशीचं रोप देण्यात आलं.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, मोठ्या साहेबांचं भाषण. त्यात पृथ्वी पुन्हा आई होती आणि प्रमिला मॅडम तिची कन्या. त्यानंतर हिरवळीवर जेवण. मी अक्कांच्या हातात डबा शोधत होतो. नव्हता. त्यांनी ताट घेतलं, रांगेत उभ्या राहिल्या आणि सगळं वाढून घेतलं. इतक्या वर्षांत कंपनीच्या अन्नाला त्यांनी पहिल्यांदा हात लावला होता. साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतः येऊन जिलबी वाढली. अक्कांनी ती खाल्ली आणि आणखी मागितली.

सगळे टाळ्या वाजवत होते. माझा घास हातात राहिला. असोद्याच्या बांधावर मी होतो, म्हणून मला कळलं. आमची, म्हणजे कंपनीची, तपासणी संपली होती.

आता अक्का साक्रीला मुलीकडे असतात. शिक्क्याचं नूतनीकरण पुढच्याच महिन्यात झालं. बाहेरून आलेल्या तपासनिसांना आम्ही भरीत केलं होतं, वांगी असोद्याची. त्यांनी दोनदा मागून घेतलं.