पाटात पाय सोडून बसलेले दगा आबा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा नव्हता, आजही नाही. लोकल बोर्डाच्या शाळेत उभा जन्म मास्तरकी केली आणि त्यातला निम्मा वेळ पोरांच्या डोक्यातली चिंचेवरची हडळ खाली उतरवण्यात गेला. अमावास्येला मुद्दाम मसणवट्याच्या वाटेनं घरी येणारा मी माणूस... त्यामुळे ही हकीकत मी लिहायला बसलो आहे याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतं आहे.

दुसरी अडचण निराळी आहे. ही हकीकत ज्या दुखण्यापासून सुरू होते ते दुखणं चारचौघांत बोलण्यासारखं नाही. संपादक महाशयांना वाटलं तर त्यांनी कात्री लावावी. पण आमच्या घरातून हुकूम झाला — "लिखी टाका. कोठेतरी एखादा गरीब रातले जागा व्हई, त्याले तरी समजी." घरातला हुकूम मोडायची सवय मला लागलीच नाही, त्यामुळे लिहितो.

आमचं गाव धुळ्याच्या वरच्या अंगाला, साक्रीच्या वाटेवर, पांझरेच्या काठी. नाव देत नाही, कारण यातली काही माणसं अजून आहेत आणि रोज भेटतात. गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, माघ महिन्यातली. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. घरी बायको सुभद्रा आणि दोन मुली.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला एक विचित्र त्रास सुरू झाला. रात्री गाढ झोपेत असताना अंग ताठायचं. कुठलं अंग ते समजून घ्यावं. मनात काही नाही, स्वप्न नाही, इच्छा तर मुळीच नाही — आणि तरी असं ताठायचं की दुखून जाग यायची. अर्धा तास, कधी तासभर उतरायचं नाव नाही. उतरलं की डोळा लागायचा, आणि डोळा लागला की पुन्हा तेच. रात्रीतून चार वेळा, पाच वेळा. दिवसा मात्र काही म्हणजे काही नाही, अगदी सज्जन कारभार.

पहिल्या आठवड्यात सुभद्रानं माझी मनसोक्त थट्टा केली. म्हातारपणी घोडा उधळला म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात तिनं माझे डोळे पाहिले आणि थट्टा बंद केली. मग ओलं फडकं झालं, कुशीवर निजणं झालं, संध्याकाळचा कांदा-लसूण बंद झाला. धुळ्याला जाऊन वैद्यांना गाठलं. ते म्हणाले, "मास्तर, लोक यासाठी माझ्याकडे औषध मागायला येतात आणि तुम्ही घालवायला आलात!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. एका डॉक्टरांनी ब्रोमाईडचं मिक्श्चर दिलं. त्यानं दिवसभर डोकं जड राहायचं आणि रात्री व्हायचं ते होतच राहायचं.

दोन महिने असे गेले. मी पाढे म्हणवून घेताना उभ्या उभ्या झोपू लागलो. एकदा टेबलावर डोकं टेकलं ते शाळा सुटल्यावरच उचललं. पोरं बिचारी चपला हातात घेऊन, आवाज न करता घरी गेली होती. त्या दिवशी मी शाळेत एकटा बसून रडलो. झोपेवाचून माणूस किती लहान होतो हे ज्याचं त्यालाच कळतं.

उतारा सापडला तो योगायोगानं. घरामागे चाळीस पावलांवर पाट. एका रात्री दुखणं असह्य झालं म्हणून धोतर सावरत गेलो आणि कमरेपर्यंत पाण्यात बसलो. माघातलं पाणी... हाडं काकडली, पण घटकाभरात अंग सैल पडलं. मग ते रोजचंच झालं.

इथं आमच्या पाटाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे चार मोठे तुकडे — त्यांना आम्ही फड म्हणतो. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, त्या साली आमच्या फडात गहू होता. पाण्याला हात लावायचा तो फक्त पाटकऱ्यानं. शेत तुमचं असलं तरी त्यात पाणी सोडायचं तोंड उघडायचं काम पाटकऱ्याचं, मालकानं फावडं घेऊन पाटावर फिरकायचंसुद्धा नाही. आणि रात्री पाणी फोडणाऱ्याला पंच एकच शिक्षा देत — त्या हंगामात त्याच्या शेताचं पाणी बंद. ओंबीत आलेल्या गव्हाचं पाणी बंद म्हणजे घरात वर्षभर भाकरीचे वांधे. शिवाय पाणीचोर हे नाव जे लागतं ते पोरींच्या लग्नापर्यंत निघत नाही.

आमचे पाटकरी दगा आबा. सत्तरीचे, काटक, बोलायला कमी. त्यांच्या शब्दाला पाटावर मामलेदाराच्या शब्दापेक्षा वजन होतं.

पाण्यात बसायला लागून चार-पाच दिवस झाले असतील. त्या रात्री मी दात वाजवत बसलो होतो, तर शेजारून आवाज आला, "कोन शे?"

"मी, मास्तर."

"इतली थंडीमा पाटमा काय करी ऱ्हायनात?"

आबा काठावर पाटात पाय सोडून बसले होते. चांदणं बऱ्यापैकी होतं, खांद्यावरची घोंगडी मला ओळखू आली. मी आधी काहीतरी थाप मारली. ते नुसते "हं" म्हणाले आणि बसून राहिले. त्या "हं"मध्ये काय होतं कोण जाणे, पण मी बांध फुटल्यासारखा बोलत सुटलो. वैद्याला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं — की मला रात्रीची भीती वाटते, दिवे लागले की अंथरुणाकडे बघवत नाही, स्वतःच्या शरीराची किळस आली आहे. बोलता बोलता हुंदका आला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्याना राग करतस. राग नका करा. रातले पोर रडीसन उठनं ते त्याले काय मारतस? उचलतस, फिरावतस, ते झोपी जास. हाई बी तसंच शे. दुसमन नका समजा."

मला हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

नंतर आठ-दहा रात्री आबा रोज तिथं असत. त्यांनी लहानसहान गोष्टी सांगितल्या. निजायच्या आधी लघवीला जाऊन या. जाग आली की पडून कुढू नका, लगेच उठा, चार येरझारा घाला. किती वाजले ते बघू नका. दुपारी शाळेच्या सुट्टीत डोळा लागला तर लागू द्या, त्याची लाज धरू नका. दुखणं काही गेलं नाही. पण उठायचं, फिरायचं, पाण्यात बसायचं, घरी येऊन निजायचं — एवढंच ते राहिलं. भीती गेली आणि झोप हळूहळू परत येऊ लागली. आबांचा मला किती आधार वाटायचा ते सांगता येत नाही. दिवसा मात्र त्यांची भेट झाली नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रात्रभर जागणारा माणूस दिवसा झोपणारच.

मग एका सकाळी गव्हाच्या फडात पाणी फुटलेलं सापडलं. माझ्याच शेताच्या डोक्याशी तोंड उघडं, आणि खालच्या तिघांची पाण्याची पाळी कोरडी गेलेली. आणि एकानं मला पहाटे कमरेपर्यंत ओल्या धोतरानं पाटावरून घरी जाताना पाहिलं होतं. झालं! दुपारी पंच मारुतीच्या पारावर बसले आणि मला बोलावणं आलं. गाव जमलं. बायका लांब कडुनिंबाखाली उभ्या होत्या, त्यांत सुभद्राही होती.

पंचांमध्ये वयानं सगळ्यात मोठे नाना. त्यांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, रातले पाटवर काय काम व्हतं?"

मी म्हटलं, "बसायला जातो. दगा आबांना विचारा, रोज ते माझ्यासोबत असतात."

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग कोणीतरी म्हणालं, "मास्तर, आबा त बोदवडले शेतस. पंधरा दिन व्हयनात. पोरगी बायंतीन शे त्यासनी."

मला वाटलं हे लोक माझी चेष्टा करताहेत. आबांचा धाकटा भाऊ भिला समोरच उभा होता. तो खाली मान घालून म्हणाला, "खरं शे. मीच पाट देखी ऱ्हायनू." चाळीसगावला गाडी बदलून, जळगाव-भुसावळ मागे टाकून बोदवड... तिथला माणूस रोज रात्री आमच्या पाटावर कसा येईल?  आणि लोकांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं — मास्तर पाणी तर चोरतोच, वर खोटंही बोलतो.

"मंग तुम्ही पाटमा काय करतस?" नानांनी पुन्हा विचारलं.

खरं कारण जिभेवर होतं. पण समोर माझ्या शाळेतल्या पोरांचे बाप, मामा, आजे. तोंड उघडेना. गहू गेला तरी चालेल पण हे बोलणं नको, असं मनानं ठरवूनही टाकलं. नाना इतर पंचांकडे वळले. आता पाणी बंद, हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात सुभद्रा पुढे आली. आमच्या गावात बाई पंचांपुढे बोलत नसे. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती पाराच्या पायरीशी उभी राहिली.

"मी सांगस. त्यासले आजार शे. रातले झोपमा त्यासनं आंग ताठ व्हस. मनमा काहीच नसस, तरी व्हस. चार-चार येळा. इतलं दुखस का उभा मानूस वाकी जास. थंडा पानीमा बसनात का उतरस. पानी चोराले नही जातस ते, झोप लागाले जातस."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. मी डोळे मिटून घेतले.

"हासाले काय व्हयनं रे?" नाना कडाडले. हसणं थांबलं. मग ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, दगानी काय सांगं तुम्हले? त्यानाच सबदमा सांगा."

मी सांगितलं. राग करू नका, रडीसन उठणारं पोर समजा, उचला, फिरवा, दुश्मन समजू नका.

नानांचा हात मिशीवरून खाली आला.  मग सगळ्या गावासमोर तो पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणाला, "मन्ही घरवाली मरनी त्या साल माले बी हाऊच आजार व्हता. मी बी हाई पाटमा बठेल शे. दगानी माले हाईच सांगं. हाई त्याले म्हाईत आनि माले म्हाईत. मन्हा पोरेसले बी म्हाईत नही." मग पंचांकडे पाहून — "मास्तर खोटं नही बोलत. त्यानं पानी बंद व्हनार नही."

 दुसऱ्या दिवशी भिलानं आपण होऊन कबूल केलं की तोंड उघडून तो बांधावर बसला, डोळा लागला आणि बुजवायचं राहून गेलं. नंतर कितीतरी दिवस कोणी ना कोणी दिवेलागणीला माझ्या ओट्यावर यायचं, हवापाण्याच्या गप्पा मारायचं आणि उठता उठता हळूच विचारायचं, "मास्तर, ते झोपनं काय...?" तीन जणांना मी आबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

आबा आठवड्यानं परत आले. मी धावतच गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकलं, बोदवडहून आणलेला खाऊ माझ्या मुलींना दिला आणि म्हणाले, "मी त बोदवडले व्हतू, मास्तर. नानाले सांगं व्हतं, खरं शे. दुसरा कोनले नही. तठे मन्हं चित्त मात्र पाटवरच व्हतं." एवढं बोलून ते फावडं उचलून पाटाकडे गेले आणि मीही खोदून विचारलं नाही. आता ते नाहीत.

माझं दुखणं वर्षभरात पुष्कळ ओसरलं. अजून कधीमधी येतं. मी उठतो, अंगणात चार चकरा मारतो, येऊन निजतो.

मी शिकलेला माणूस आहे, परोपरीनं विचार करून पाहिला. स्वप्न म्हणावं तर मी पाण्यात जागा होतो. मनाचे खेळ म्हणावेत तर ते शब्द माझ्या मनात आले कुठून? नानांनी ते कुणाला सांगितले नव्हते, आबांनी नानांशिवाय कुणाला सांगितले नव्हते. उत्तर सापडलं नाही. आता सापडेल असंही वाटत नाही.

काल हे सगळं लिहून सुभद्राला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तठे कोनी नव्हतं, माले म्हाईत शे."

मी चष्मा काढला. "तुला कसं माहीत?"

"तुम्हले आबा भेटनात म्हंतस ना, त्या पहिली रातले मी तुम्हना मांगे मांगे उनी व्हती. बाभूळना आड उभी व्हती. तुम्ही एकलाच बोली ऱ्हायंतात, रडी ऱ्हायंतात. बाजूले कोनी नव्हतं."

म्हणजे पंचांपुढे मी आबांचं नाव घेतलं तेव्हा हिला ठाऊक होतं! नवरा खोटं बोलतो आहे किंवा त्याला वेड लागलं आहे, दोन्हींपैकी एक तिनं धरायला हवं होतं. आणि तरी ती सगळ्या गावासमोर माझ्यासाठी उभी राहिली, आणि वीस वर्षं एका शब्दानं बोलली नाही.

"मग त्याच रात्री मला हटकलं का नाहीस?" मी विचारलं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"हटकनार व्हती. पाय उचला बी व्हता. तितलामा तुम्ही हासनात. दोन महिनामा तुम्हले हासताना देखं नव्हतं. मंग म्हंतं, कोन का ऱ्हायना तठे... त्यानं भलं होवो. आनि मी घर जाईसन तुम्हनी गोधडी झटकी ठेवी."