नुसतं कूट

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने मेथीची एक जुडी वर दिली तरी मी ती उलटीपालटी करून बघते. त्यात लेक तीन वर्षांची असताना चिक्कीच्या एका तुकड्याने तिचे ओठ सुजले, श्वास अडकला, आणि साताऱ्याच्या दवाखान्यात आम्ही जेमतेम वेळेत पोचलो. तेव्हापासून शेंगदाणा माझा वैरी. तो कुणाच्या हातून येईल याचा नेम नाही, म्हणून सगळं गावच संशयित.

शाळेत घातलं तेव्हा बाईंना मी तीनदा सांगितलं, दाणा पोटात गेलाच तर द्यायचं इंजेक्शन कसं टोचायचं ते दाखवलं. बाई मान डोलवायच्या, पण ती मला जरा जास्तच पटकन डोलते असं वाटायचं. डबा घरचाच. संध्याकाळी लेक आली की आधी तिची बोटं हुंगायची, मग दप्तर. दुधाने पोळलेली मी, ताक फुंकणारच.

दुसरीच्या वर्षअखेरीला शाळेत सगळ्यांचं एकत्र जेवण ठरलं. लेकीने हट्ट धरला, मलाही सगळ्यांसारखं ताट पाहिजे. मी सकाळीच शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी मटकीचा रस्सा ढवळत होत्या. दाणे घातलेत का, विचारलं. अजिबात नाही म्हणाल्या. बाईंनीही आधीच विचारून ठेवलं होतं. दोघी इतक्या ठाम, की मला शंकाच आली. मी विचारलं, "मग रस्सा एवढा दाट कशानं झाला?"

"आवं ताई, नुसतं कूट हाय," मावशी म्हणाल्या. "दाना एक बी न्हाई."

मावशी खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडे कूट म्हणजे मिठासारखं, ते कोण धरतं? दाणा म्हणजे अख्खा, दाताखाली येणारा. समजावून सांगितलं तेव्हा मावशी मटकन खाली बसल्या. मग उठून त्यांनी वेगळं पातेलं घासलं, नवी पळी काढली, आणि माझ्यासमोर कुटाशिवाय मटकी केली. मी एकदाही नजर हलवली नाही. कुठेच खोट सापडली नाही, याचाही मला राग आला.

पंगत बसली. मावशींनी स्वतः तिला वाढलं. लेकीने घास उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हसले, निदान हसले असं मला वाटलं. तिने माझं तोंड नीट निरखलं, घास परत ताटात ठेवला, आणि हळूच म्हणाली, "आई, मला भूक नाही."