ताईचा पडदा आणि मधला कागद

आमची ताई बॅटरीतले पडदे बनवते. हे वाक्य मी नातेवाइकांत एकदाच बोलले आणि पस्तावले. तेव्हापासून तिच्या सासूबाई हॉलच्या खिडकीची मापं काढून बसल्या आहेत.

खरं तर तो पडदा केसाहून पातळ, पांढऱ्या प्लास्टिकचा. बॅटरीच्या धन आणि ऋण बाजूंना एकमेकींच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही, पण त्यांची आतली देवाणघेवाणही अडवायची नाही, एवढंच त्याचं काम. ताईचा पडदा त्यात पटाईत होता. फक्त तापलं की अंग चोरायचा. मग दोन्ही बाजू भिडायच्या आणि बॅटरी राम म्हणायची.

शेवटी तिच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगून टाकलं, "मॅडम, आता एकच चाचणी. या वेळी आकसला तर हे टेबल बंद. तुम्ही गोंद विभागात." ताईला गोंदाच्या वासानंच मळमळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या पडद्यावर तिचा जीव होता. मला फोनवर म्हणाली, "पोरांना जपलं नाही एवढं याला जपलंय गं." पोरं शेजारीच बसली होती.

बॅटरी जोडायची ती काचेच्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून. पडद्याच्या चकत्या एकमेकींना चिकटतात, म्हणून ताई मध्ये मध्ये कागदाच्या चकत्या घालते. त्याही पांढऱ्या, त्याच मापाच्या. ऐन वेळी तिचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला आणि हात तर पेटीत. चष्मा वर सरकवायला कुणाला हाक मारायची तर बाईसाहेबांना कमीपणा! अंदाजानं चकत्या उचलल्या आणि बॅटऱ्या जोडून मोकळी झाली.

चाचणीच्या भट्टीतून बॅटऱ्या ठणठणीत बाहेर आल्या. साहेबांनी लगेच केक मागवला. ताईनं मात्र आपल्या लाडक्याचं तोंड बघायला एक बॅटरी उघडली. आत कागद!

लाडक्याला त्याच्याच वेष्टनानं हरवलं होतं. ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण आमच्या ताईच्या पोटात काही राहत नाही, केकसुद्धा राहिला नसता. ती तडक साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, हा माझा पडदा नाही. मधला कागद आहे."

"कुठला कागद?"

"आपण रोज कचऱ्यात टाकतो तो."

साहेबांनी तोंडातला घास कसाबसा गिळला आणि विचारलं, "आजचा कचरा गेला का हो?"

टेबल वाचलं. ताई आता कागदाचे पडदे बनवते. पण कागदाच्या चकत्याही तंतू अडकून एकमेकींना धरून बसतात, मध्ये काहीतरी गुळगुळीत लागतं. परवा मी विचारलं, "मग काय घालतेस?"

ती म्हणाली, "माझा जुना पडदा. रोज संध्याकाळी कचऱ्यात टाकते."