बत्तीस तारखेची व्हाउचरं

"बत्तीस तारीख," शेठ म्हणाले. "करंदीकर, तुम्ही सीए आहात. मला सांगा, कुठल्या महिन्यात बत्तीस तारीख येते?"

"आषाढात," मी म्हणालो.

केबिनमध्ये बसलेला शेठचा पुतण्या अतुल हसला. टेबलावर झेरॉक्सचा गठ्ठा होता आणि त्यातल्या प्रत्येक कागदावर त्याने लाल पेनने गोल केला होता.

हे पनवेलच्या आमच्या हेड ऑफिसात घडलं, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. कंपनी साबण बनवायची. शेठनी नेपाळात, वीरगंजला, दुसरा कारखाना काढला आणि हिशेब सांभाळायला मला फायनान्स मॅनेजर म्हणून पाठवलं. त्याला दीड वर्ष झालं होतं. धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी मी सुट्टीवर घरी आलो होतो. आठवडाभरातच ऑफिसातून बोलावणं आलं.

नेपाळ परदेश आहे की नाही, हे कंपनीत शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. मी फॉरेन अलाउन्स मागितला तेव्हा पर्सोनेल मॅनेजर म्हणाले, "पासपोर्ट लागत नाही, मग परदेश कसला?" वर्षातून दोनदा घरी येण्याचं भाडं मागितलं तेव्हा तेच गृहस्थ म्हणाले, "परदेशी पोस्टिंगला वर्षातून एकदाच मिळतं." आमच्या आळीत मात्र मी फॉरेनला गेलो असाच बोभाटा होता. दोन रात्री रेल्वेत काढून रक्सौलला उतरलो आणि टांग्यात बसून सीमा ओलांडली. टांग्यातून फॉरेनला गेलेला पनवेलकर बहुधा मी एकटाच असेन.

तिथे गेल्यावर कळलं की शनिवारी सुट्टी आणि रविवारी काम. आर्थिक वर्ष आषाढाच्या शेवटच्या दिवशी संपतं, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्यावर. आणि सगळे सरकारी कागद विक्रम संवताच्या तारखेने. तिथे तेव्हा दोन हजार पन्नासच्या आसपासचं साल चालू होतं. त्यांचे महिने सूर्यावर चालतात. सूर्य एका राशीत जितके दिवस राहतो तितका महिना मोठा. कधी एकोणतीस दिवसांचा, कधी बत्तीस.

हे सगळं मला अधिकारीजींनी शिकवलं. विष्णुप्रसाद अधिकारी हे तिथले अकाउंटंट. अधिकारी हे त्यांचं आडनाव, हुद्दा नव्हे. पनवेलच्या पर्सोनेलला हे पटायला तीन पत्रं लागली. पन्नाशीचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, अक्षर मोत्यासारखं. मला तिथे पाठवताना शेठ म्हणाले होते, "त्या लोकांना अकाउंट्स शिकवा." पहिल्या आठवड्यात मी अधिकारीजींची वही तपासली आणि काय शिकवावं हा प्रश्न पडला. चूक सापडली ती माझीच होती.

मी एक गोष्ट मात्र केली. दर महिन्याला हेड ऑफिसला आकड्यांचा तक्ता पाठवायचा असे. त्यातल्या सगळ्या तारखा मी इंग्रजी करून पाठवायचो. अधिकारीजी एकदा म्हणाले, "सर, दोन्ही तारखा लिहूया का?" मी म्हणालो, "नको. उगाच पन्नास प्रश्न विचारतील." त्यामुळे शेठना वाटत राहिलं की वीरगंज म्हणजे खोपोलीच्या जरा पुढे.

मी सुट्टीवर निघालो आणि इकडे अतुलने इंटर्नल ऑडिट सुरू केलं. इंटर्नल ऑडिट म्हणजे कंपनीने स्वतःच्याच घरावर बसवलेला पहारा. अतुल तीन वर्षं सीएच्या परीक्षेला बसत होता, त्यामुळे पहाऱ्यासाठी मोकळा होता. त्याने वीरगंजहून मूळ व्हाउचरांच्या झेरॉक्स मागवल्या. व्हाउचर म्हणजे खर्चाची चिठ्ठी. कोणाला, कशासाठी, किती दिले आणि कोणी मंजूर केले, हे त्यावर असतं. अधिकारीजींनी बिचाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी गठ्ठा रवाना केला. नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे अतुलला सगळं वाचता आलं. कळलं नाही, एवढंच.

"सगळ्यात जास्त व्हाउचरं बत्तीस तारखेचीच आहेत," अतुल म्हणाला. "एका दिवसात एकेचाळीस."

"त्यांचा तो वर्षाचा शेवटचा दिवस होता. आपल्याकडे एकतीस मार्चला किती होतात?"

"आणि साल? पन्नास-साठ वर्षं पुढचं टाकलंय. खोटं करायचं तर नीट तरी करावं माणसाने."

मी विक्रम संवत समजावून सांगितला. शेठनी डोळे मिटून ऐकलं. मग एक व्हाउचर माझ्यापुढे सरकवलं. "यावर मंजुरीची सही तुमची आहे ना?"

"आहे."

"म्हणजे बत्तीस तारखेला तुम्ही सही केलीत."

"केली."

"करंदीकर, मी तुम्हाला घरचा माणूस समजत होतो. त्या अधिकाऱ्याला सकाळीच फॅक्स गेलाय. आजपासून बंद. तुमचं काय करायचं ते मी बघतो."

साखरपुडा दोन दिवसांवर होता, आणि चोर ठरून गावात फिरायचं म्हणजे काय, ते पनवेलसारख्या गावात सांगावं लागत नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःचीच काळजी वाटली. अधिकारीजी मागाहून आठवले.

चहा घेऊन म्हात्रे आत आला होता. म्हात्रे आमचा प्यून, जवळच्याच विचुंबे गावचा. कप ठेवता ठेवता तो म्हणाला, "शेठ, मी बोलू का? आपल्यात पन अधिक म्हैना येतो. तवा वर्साचं तेरा म्हैनं व्हतात. तवा आमी कुनाला चोर नाय बोलत."

"तू चहा ठेव," अतुल म्हणाला.

"ठेवलाय. आन गेटवरचा बहादूर नेपालचाच हाय ना? त्यालाच इचारा."

अकरा वर्षं तो माणूस आमच्या गेटवर होता. त्याचं नाव टेकनाथ. बहादूर हे नाव त्याला कंपनीने युनिफॉर्मबरोबर दिलं होतं. मलाही खरं नाव वीरगंजला जाताना कळलं, तेही त्याने घरी द्यायला पाकीट दिलं म्हणून.

टेकनाथ आला. शेठनी विचारलं, "तुमच्या आषाढात किती दिवस असतात?"

"साब, कोणता साल?" त्याने विचारलं. "हर साल अलग होता है."

अतुलला हे उत्तर फार संशयास्पद वाटलं. मी साल सांगितलं तसा टेकनाथ खाली गेला आणि आपल्या खोलीतून त्या सालचं पंचांग घेऊन आला. मळकं, कोपऱ्याला दोरा बांधलेलं. त्याने बोटाने पान काढलं. असार, म्हणजे आषाढ. शेवटच्या चौकोनात ठळक आकडा होता, बत्तीस.

शेठनी चष्मा लावला आणि काढला. पंचांग उलटसुलट करून पाहिलं, कुठे छापलंय ते वाचलं. मग म्हणाले, "हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी ते दिलं नाही.

"फॅक्स मागे घ्या," मी म्हणालो.

"फॅक्स मागे कसा घेणार? दुसरा पाठवू. लिहा, गैरसमज दूर झाला आहे, उद्यापासून कामावर हजर व्हावे."

"माफी?"

"कंपनी माफी मागत नसते, करंदीकर."

मी बस स्टँडजवळच्या बूथवरून वीरगंजला फोन लावला. तासाभराने लागला. अधिकारीजी ऑफिसातच होते. चाव्या दिल्या होत्या, वह्यांची यादी करून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या होत्या. मी घाईघाईने सगळं सांगितलं, दुसऱ्या फॅक्सचंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, एक बात पूछूँ?" ते म्हणाले. "आपने हमारी तारीख छुपाई क्यों? उसमें शर्म की क्या बात थी?"

मी म्हणालो, हेड ऑफिसला त्रास नको म्हणून. फोनवर खरखर येत होती. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मी पुन्हा म्हणालो नाही.

ते परत आले नाहीत. सुट्टी संपवून गेलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, माझ्या बहिणीची चौकशी केली. दुसरा फॅक्स त्यांनी घडी करून ठेवला होता. म्हणाले, "माझ्या मुलींच्या शाळेत सगळ्यांना कळलं की मला चोरीसाठी काढलं. गैरसमज दूर झाला, हे तुमच्या शेठनी मला लिहिलंय. शाळेला कोण लिहिणार?" मग मी लिहिलं. लेटरहेडवर, माझ्या सहीने, शेठना न विचारता, कंपनी माफी मागते असं. तारीख त्यांची घातली. माझ्या नोकरीत शेठच्या मर्जीविरुद्ध केलेलं ते पहिलं काम. महिनाभरात ते शेजारच्या तेल गिरणीत जास्त पगारावर लागले. ते गेल्यावर आमचं वार्षिक क्लोजिंग चार महिने रखडलं.

त्यानंतर मी प्रत्येक तक्त्यात दोन्ही तारखा घालू लागलो. पनवेलहून पत्र आलं की जादा कॉलममुळे कागद वाया जातो. मी कॉलम ठेवला. पुढच्या वर्षी अतुलला नेपाळ ऑडिटचा इन-चार्ज केलं, कारण त्या देशाचा अनुभव असलेला हेड ऑफिसात तो एकटाच होता.

शेजारच्या देशात नोकरीला जाणारे तरुण हल्ली माझ्याकडे सल्ला मागायला येतात. पगार, टॅक्स, भत्ते विचारतात. मी त्यांना सांगतो की तिथल्या गोष्टी साहेबांच्या सोयीच्या करून कळवू नका. साहेबांचा एखादा प्रश्न वाचतो, पण त्याची किंमत तिथला माणूस मोजतो. ते मान डोलावतात आणि पुन्हा भत्त्याचं विचारतात.