एकतीस फुटांची नोंद

दीपमाला थूलची नोंदवही दोनशे पानी आहे. पहिली नोंद ३ जुलै २०२३ची, शेवटची २७ मे २०२४ची. तिला एका वर्षाच्या स्वयंसेवेसाठी पाठवणाऱ्या संस्थेच्या छापील अहवालात तिच्यावर चार ओळी आहेत: आत्मविश्वास वाढला, नेतृत्वगुण विकसित झाले, वगैरे. या विधानांना वहीत आधार सापडत नाही. जे सापडते ते तिच्याशी आणि गावातल्या तिघा-चौघांशी बोलून पडताळले आहे. जिथे सांगणे जुळले नाही, तिथे तसे नमूद केले आहे. गाव वडनेरपासून आत, पाच किलोमीटरवर. तिथला शेतकरी लहानू आणि त्याची बायको अन्नपूर्णा यांच्या इच्छेवरून गावाचे नाव येथे दिलेले नाही.

दीपमाला नाचणगावची. वय तेवीस, भूगोलाची पदवी, आई अंगणवाडीत मदतनीस. तिचे काम साधे होते. दर सोमवारी सकाळी गावातल्या चौदा विहिरींमधले पाणी मोजायचे, म्हणजे टोकाला लोखंडी नट बांधलेली मोजफीत कठड्यावरून खाली सोडायची, नट पाण्याला टेकला की आकडा वाचायचा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा. पाणी किती खाली गेले हे गावाने स्वतः पाहावे आणि त्यावरून पिके ठरवावीत, हा संस्थेचा हेतू.

राहायची खोली मिळायला आठ दिवस लागले. तीन घरी खोली रिकामी होती. तिने आडनाव सांगितल्यावर त्यांपैकी दोन घरी लवकरच पाहुणे येणार असल्याचे निघाले. तिसरे घर शोभाबाईंचे. त्या विधवा आणि कानाने अधू. दीपमाला सांगते की जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक दिवस तिचे कोणाशीही दहा वाक्यांहून अधिक बोलणे झाले नाही. शोभाबाईंना हे मान्य नाही. "मी त बोलतच होतो. तिलेच काही सांगायचं नसे," असे त्या म्हणतात. वहीच्या समासात मात्र त्या दोन महिन्यांत शेतात दिसलेल्या पक्ष्यांची यादी आहे, सदतीस पक्षी, आणि ती तिने कोणासाठी केली हे तिलाही सांगता येत नाही.

सप्टेंबरात लोक फळा वाचू लागले. सोमवारी दहा-बारा माणसे तिची वाट पाहत उभी राहू लागली. पाणी समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव त्यांत पहिले. शेती आणि कृषी केंद्राचे दुकान असलेला, शब्दाला वजन असलेला माणूस. "मॅडमचा आकडा म्हणजे आकडा," ते जमलेल्यांना सांगत. "तुमच्या अंदाजानं इहीर नाई भरत." दीपमालाला चहाची बोलावणी येऊ लागली. ऑक्टोबरात तिच्या घरचे सगळे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला गेले. तिला ग्रामसभेसाठी तक्ता करायचा होता, म्हणून ती गेली नाही. असे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

त्या ग्रामसभेत ठरले ते असे: २३ ऑक्टोबरच्या मोजणीत ज्या विहिरीचे पाणी अठ्ठावीस फुटांच्या खाली असेल, त्या शेतकऱ्याने या वर्षी गहू पेरायचा नाही; हरभऱ्यावर भागवायचे. गव्हाला पाणी जास्त लागते, आणि उन्हाळ्यात सर्वांनाच प्यायला हवे. चौदांपैकी एकच विहीर रेषेखाली निघाली. लहानूची, एकतीस फूट.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. या भागात एकाच विहिरीचे पाणी शेजाऱ्यांपेक्षा फार खाली गेले, तर आपली विहीर आटते आहे म्हणून मालकाने आत आडवे बोर मारून दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढायचा प्रयत्न केला असावा, असा संशय घेतला जातो. असे बोर विहिरीच्या आतल्या भिंतीत, पाण्याखाली असतात. वरून दिसत नाहीत. त्यामुळे लहानूला केवळ गहूच सोडावा लागला असे नाही; त्याच्यावर पाणीचोरीचा संशयही आला. पाराशी बसणाऱ्यांनी त्याला विचारले, "काऊन रे लहानू, कोणाच्या इहिरीत भोक पाडलं?" नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने हरभरा पेरला.

अन्नपूर्णा गप्प बसणारी नव्हती. दहाएक दिवसांनी हातपंपावर तिने दीपमालाला अडवले.

"तुमच्या फितीनं आमचं घर चोर ठरवलं ना बाई."

"काकू, मी फक्त मोजलं. जे होतं ते लिहिलं."

"कवा मोजलं?"

"सकाळी. आठ वाजता."

"अन् रातभर कोणाची मोटर चालून राह्यली होती? कपाशीचं ओलीत चालू होतं, वरच्या लाइनीवर आमचं एकट्याचंच. रातीची लाइन होती त्या हप्त्यात. रातभर उपसल्यावर सकाळी इहीर खालीच राहीन ना! दुपारी येऊन पाह्यजा एखाद्या दिवशी. शिकलेले लोक तुम्ही."

शेतीपंपांची वीज येथे पाळीने येते. एका आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. गावात दोन लाइनी आहेत. वरच्या लाइनीला रात्रपाळी असते तेव्हा खालच्या लाइनीला दिवसपाळी. लहानूची विहीर वरच्या लाइनीवर, प्रभाकररावांची खालच्या. गावातल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. इतके पाठ, की ते दीपमालाला सांगायला हवे असे कोणाच्या मनात आले नाही. आणि मोटर कधी बंद केली हे विचारायला हवे, असे तिच्या मनात आले नाही.

रविवारी, १९ नोव्हेंबरला, ती सकाळी सातला लहानूच्या विहिरीवर जाऊन बसली. मोटर पहाटे बंद झाली होती. त्या दिवशी क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दुपारनंतर शिवारात माणूस दिसेना, गावाच्या बाजूने अधूनमधून ओरडा ऐकू येई. तिने डबा आणला होता. त्या पानावर बारा आकडे आहेत, दर तासाचा एक. सातला साडेएकतीस, दहाला साडेएकोणतीस, एकला सत्तावीस, चारला पंचवीस, सहाला चोवीस. कोणी आले नाही. शेवटच्या आकड्यापुढे तिने काहीही लिहिलेले नाही. फक्त पेन दाबून धरल्याचा ठिपका मागच्या पानावर उमटला आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तिने चौदा विहिरी मोजल्या, पण फळ्यावर काही लिहिले नाही.

"आज आकडे नाई का मॅडम?" प्रभाकररावांनी विचारले.

"तपासायचे आहेत काका."

"तुमचे आकडे अन् तपासायचे?" ते हसले, आणि बाकीचेही विश्वासाने हसले.

तिने संस्थेच्या हिंगणघाट कार्यालयातल्या योगेंद्रला फोन केला. तो तिच्या कामावर देखरेख करणारा. त्याचे उत्तर तिने शब्दशः उतरवून ठेवले आहे: "पुढच्या सोमवारपासून पाळी बघून मोज. मागचं उकरू नको. पेरण्या होऊन गेल्यात, अहवाल वर गेलाय. आत्ता कुठे गाव तुझं ऐकायला लागलंय." योगेंद्रला हे संभाषण आठवत नाही; आपण असे म्हणणे शक्यच नाही, असे त्याने सांगितले. तो विसरला असेल किंवा नाकारत असेल; दोन्ही शक्य आहे. त्या उत्तरातले शेवटचे वाक्य खरे होते आणि दीपमालाला तेच अवघड गेले. गप्प राहिली तर लहानूवरचा डाग तसाच राहणार होता. बोलली तर या गावात तिच्याजवळ जे एकमेव होते, सोमवारची ती दहा-बारा माणसे, ते जाणार होते.

पुढचे तीन दिवस वही कोरी आहे.

शुक्रवारी सकाळी दहाला पंचायतीच्या आवारात समितीची बैठक झाली. तीसेक माणसे होती. लहानू कडेला उभा होता. दीपमालाने बारा आकडे वाचून दाखवले आणि म्हणाली, "२३ ऑक्टोबरचा एकतीस फुटांचा आकडा चुकीच्या वेळी घेतला होता. त्याच सकाळी खालच्या लाइनीच्या विहिरी आदल्या रात्रभर विसावलेल्या होत्या. विसावल्यावर लहानूकाकांची विहीर चोवीस फुटांवर येते; आडवं बोर असल्याचा संशय घ्यायला कारणच नाही. चूक माझी आहे. जुलैपासूनच्या सगळ्या आकड्यांत ही चूक आहे."

मग मागून कोणी म्हणाले, "म्हणजे चार महिने फळ्यावर आपण काय वाचून राह्यलो होतो बे? राशिभविष्य?" मोठा हशा झाला. प्रभाकरराव हसले नाहीत. "मॅडम, तुमच्या भरवशावर मी गावाले शब्द देला होता," एवढे म्हणून ते चप्पल घालून निघाले.

दीपमाला लहानूकडे गेली. "काका, तुम्ही ग्रामसभेत सांगायला हवं होतं."

"मी सांगतलं असतं त कोणी ऐकलं असतं? फीत तुमच्या हातात होती," लहानू म्हणाला. "हरभरा उगवला आता. राहू द्या."

संशय त्या दिवशी मिटला, यावर लहानू, अन्नपूर्णा आणि शोभाबाई यांचे एकमत आहे. बाकी कोणी तिचे आभार मानल्याची नोंद नाही, आठवणही नाही. पुढच्या सोमवारी पंचायतीसमोर दोन माणसे होती. त्यानंतर कोणी नव्हते. चहाची बोलावणी थांबली. शोभाबाईंनी तिला घरी परत जायला सुचवले. "काय ठेवलं आता इथं?" तिने मोजणी सोडली नाही. डिसेंबरपासून वहीत एक नवा रकाना आहे: मोटर केव्हा बंद केली. तो भरण्यासाठी तिला दर सोमवारी चौदा घरी जाऊन विचारावे लागे. जुलैत जिला कोणाशी काय बोलावे सुचत नव्हते, ती आता दर आठवड्याला चौदा उंबऱ्यांवर तोच प्रश्न विचारत होती, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर आतूनच, दाराशी न येता मिळत होते. प्रभाकररावांकडे त्यांचा नोकर सांगे. लहानूकडे सांगणारी नेहमी अन्नपूर्णाच; लहानू त्या वेळी गोठ्यात असे.

या सहा महिन्यांतले आकडे चांगले आहेत. एका जाणकाराला दाखवले; त्यांच्या मते वापरता येण्याजोगे. अहवालात छापला आहे तो मात्र ऑक्टोबरचाच तक्ता.

२७ मेच्या सोमवारी दीपमाला शेवटच्या फेरीला निघाली. अन्नपूर्णा वडनेरच्या बाजाराला गेली होती. लहानू अंगणात दोर वळत बसला होता.

"काका, मोटर केव्हा बंद केली?"

"सहाले." सहा महिन्यांत त्याने तिला दिलेले हे पहिले उत्तर.

तिने लिहून घेतले आणि सांगितले की वर्ष संपले, ती उद्या नाचणगावला जाते आहे.

लहानूने दोर बाजूला ठेवला. "मंग पुढच्या सोमवारी कोण येईन?"

संस्थेने त्या गावासाठी दुसरा स्वयंसेवक नेमलेला नव्हता, आणि दीपमालाला ते ठाऊक होते. "माहीत नाही काका," ती म्हणाली. लहानू उठला, तिच्याबरोबर विहिरीपर्यंत चालत गेला आणि ती फीत सोडत असताना कठड्याशी उभा राहिला. पाणी छत्तीस फुटांवर होते. त्याने विचारले म्हणून तिने आकडा मोठ्याने सांगितला.